बोर्डरूमपासून कॉटपर्यंत: स्टॅफर्डच्या हॉस्पिटलची गोष्ट

आजचा भाग जरा जड आहे, हे आधीच सांगतो. ज्यांच्या घरातलं कुणी सध्या हॉस्पिटलमध्ये आहे, त्यांनी हवं तर नंतर ऐका. भाग कुठं पळून जात नाही.

आज आपण हॉस्पिटलमधल्या अशा लोकांबद्दल बोलणार आहोत, जे आपल्याला कधी दिसतच नाहीत. डॉक्टर दिसतात, सिस्टर दिसतात, केसपेपर काढून देणारा माणूस दिसतो. पण हॉस्पिटलच्या बोर्डावर कोण बसतं? त्यांच्या मीटिंगमध्ये काय बोललं जातं? आणि तिथं जे ठरतं, ते आपल्या आजीच्या कॉटपर्यंत कसं पोचतं? हे समजून घ्यायला आपण इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड नावाच्या गावात जाऊ या. साल २००५ च्या आसपासचं.

ट्रस्ट म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे ट्रस्टचं हॉस्पिटल म्हटलं की धर्मादाय हॉस्पिटल डोळ्यांसमोर येतं. दारात संगमरवरी पाटी, तिच्यावर दात्यांची नावं. ब्रिटनमध्ये या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तिथं १९४८ पासून एनएचएस आहे, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य सेवा. पैसा करातून येतो, हॉस्पिटलमध्ये उपचार घेताना रुग्णाला बिल येत नाही. १९९० च्या दशकात सरकारनं ही हॉस्पिटलं 'ट्रस्ट' नावाच्या सार्वजनिक संस्थांकडे सोपवली. पैसा जनतेचाच, पण कारभार त्या ट्रस्टच्या बोर्डाचा.

या बोर्डावर दोन प्रकारची माणसं असतात. एक, पगारी आणि पूर्णवेळ: मुख्य कार्यकारी अधिकारी, हिशेब बघणारे वित्त संचालक, वैद्यकीय संचालक, नर्सिंग संचालक. दुसरी, बाहेरून आलेली. कुणी व्यवसायातलं, कुणी निवृत्त अधिकारी, कुणी सामाजिक कामातलं. महिन्यातले काही दिवस देणारी. अध्यक्षही बाहेरचाच. या बाहेरच्या लोकांचं मुख्य काम एकच, आतल्या लोकांना प्रश्न विचारणं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

२००४ पासून यात एक वरची पायरी आली, 'फाउंडेशन ट्रस्ट'. ज्या ट्रस्टचा कारभार चांगला आणि हिशेब भक्कम, त्याला हा दर्जा. दर्जा मिळाला की पैसे खर्च करायचं जास्त स्वातंत्र्य आणि मानही मोठा. मग काय, जो तो ट्रस्ट त्याच्या मागं लागला.

शून्य ताऱ्यांचं हॉस्पिटल

स्टॅफर्डचं हॉस्पिटल चालवायचा मिड स्टॅफर्डशायर ट्रस्ट. तेव्हा सरकार ट्रस्टना तारे द्यायचं, हॉटेलला देतात तसे. २००४ मध्ये हा ट्रस्ट तीन ताऱ्यांवरून थेट शून्यावर आला. त्याच सुमारास टोनी ब्रिस्बी अध्यक्ष झाल्या, आणि २००५ मध्ये मार्टिन येट्स मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून आले. बिघडलेली गाडी रुळावर आणायची, हे त्यांच्यापुढचं काम. म्हणजे ही माणसं काही वाईट करायचं म्हणून तिथं बसली नव्हती, बरं का.

२००६-०७ या वर्षात बोर्डानं १ कोटी पाउंड वाचवायचं ठरवलं. त्यासाठी दीडशेच्या आसपास पदं कमी करायची होती. फाउंडेशन ट्रस्टचा दर्जा हवा तर ताळेबंद नीट दिसला पाहिजे, हे डोक्यात होतंच. कागदावर सगळं बसलं. वर्षाअखेर हिशेब जुळला.

आणि १ फेब्रुवारी २००८ ला तो दर्जा मिळाला. बोर्डाच्या दृष्टीनं केवढं मोठं यश! पण खाली वॉर्डात काय चाललं होतं?

खाली वॉर्डात

कॅज्युअल्टीत आलेल्या रुग्णाची पहिली तपासणी काही वेळा रिसेप्शनवरची माणसं करत होती. कोण किती गंभीर, कुणाला आधी आत घ्यायचं, हे ते ठरवायचे. त्यांना वैद्यकीय प्रशिक्षण नव्हतं. एका विभागात हृदयाचे ठोके दाखवणारे मॉनिटर बंद करून ठेवले होते, कारण ते कसे वापरायचे हे तिथल्या नर्सना शिकवलेलंच नव्हतं. बेल वाजवली तरी कुणी येत नव्हतं. रुग्ण ओल्या, घाण झालेल्या चादरींवर तासन् तास पडून राहायचे. जेवणाचं ताट हात पोचणार नाही अशा जागी ठेवलं जायचं आणि तसंच परत जायचं. तहानेनं व्याकूळ झालेल्या काही रुग्णांनी फुलदाणीतलं पाणी प्यायल्याचं नातेवाइकांनी सांगितलं.

नर्स क्रूर होत्या का? काहींचं वागणं खरंच वाईट होतं, ते पुढं चौकशीत आलं. पण मुळात हातच कमी होते. २००८ च्या सुरुवातीला वॉर्डांचा आढावा घेतला, तेव्हा सुमारे १२० नर्स कमी असल्याचं निघालं. ज्या संस्थेनं आधी पदं कमी केली, तिलाच हे नंतर कळलं. आधी मोजायचं आणि मग कापायचं, हा साधा क्रम उलटा झाला.

वर आणखी एक दडपण. कॅज्युअल्टीत आलेल्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव रुग्णांचा निकाल चार तासांत लागला पाहिजे, असं सरकारी उद्दिष्ट होतं. हेलेन डॉनेली नावाच्या तिथल्या एका नर्सनं पुढं साक्ष दिली, की वेळ पाळल्याचं दाखवायला नोंदी खोट्या केल्या जायच्या आणि तसं करायला नर्सवर दबाव असायचा. तिनं वरिष्ठांकडे तक्रार केली. त्यानंतर तिला सहकाऱ्यांकडूनच धमक्या मिळू लागल्या. शिफ्ट संपल्यावर अंधारात एकटीनं गाडीपर्यंत जायची तिला भीती वाटायची. २००८ मध्ये तिनं ती नोकरी सोडली.

एक मुलगी, एक खुर्ची

सप्टेंबर २००७. ज्युली बेली यांच्या आईला, बेला यांना, या हॉस्पिटलमध्ये भरती केलं. वय ८६. वॉर्डातली अवस्था बघून ज्युलीनं आईला एकटं सोडायचं नाही असं ठरवलं. ती आणि घरचे आळीपाळीनं कॉटशेजारी खुर्चीत बसून रात्र काढायचे. आपल्याकडे हे नेहमीचं आहे ना? पेशंटजवळ रात्री कोण थांबणार, हा घरोघरचा प्रश्न. पण तिथल्या व्यवस्थेत नातेवाइकांनी असं थांबायची गरज पडायला नको होती. आठ आठवडे हे चाललं. नोव्हेंबरमध्ये आई गेली.

ज्युलीचा गावात एक छोटा कॅफे होता. तिनं स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहिलं आणि असाच अनुभव आलेल्यांना बोलावलं. लोक येत गेले. कॅफेच्या भिंतीवर गेलेल्या माणसांचे फोटो लागले. त्या गटाचं नाव 'क्युअर द एनएचएस'.

आता बोर्डापर्यंत हे पोचत नव्हतं का? पोचत होतं, पण आकडा होऊन. या तिमाहीत तक्रारी इतक्या. कुणाच्या, कशाबद्दल, त्याच त्या वॉर्डातून पुन्हा पुन्हा का, हा तपशील बाहेरच्या संचालकांपुढं नीट येत नव्हता. आणि प्रश्न विचारणं हे ज्यांचं काम होतं, त्यांनी तो पुरेसा मागितलाही नाही. बरंचसं कामकाज बंद दाराआड चालायचं.

एक इशारा मात्र सगळ्यांसमोर होता. एप्रिल २००७ मध्ये हॉस्पिटलांच्या मृत्युदराची तुलना प्रसिद्ध झाली. रुग्णांचं वय आणि आजार बघून जेवढे मृत्यू अपेक्षित, त्याला १०० धरायचं. स्टॅफर्डचा आकडा होता १२७. बोर्डाची पहिली प्रतिक्रिया काय? आजारांच्या नोंदींचं कोडिंग चुकलं असणार. कोडिंगमध्ये गडबड होतीही. पण कागद तपासण्यात जेवढी ऊर्जा गेली, तेवढी वॉर्ड तपासण्यात गेली नाही.

चौकशी

मार्च २००८. फाउंडेशनचा दर्जा मिळून जेमतेम काही आठवडे झाले होते, आणि हेल्थकेअर कमिशन या दुसऱ्या सरकारी संस्थेनं त्याच हॉस्पिटलची चौकशी जाहीर केली. म्हणजे बघा, एका संस्थेनं शाबासकी दिली आणि दुसरीला धोका दिसत होता. दोघी एकमेकींशी धड बोलल्याच नव्हत्या.

त्या चौकशीचा अहवाल मार्च २००९ मध्ये आला. तो यायच्या आधीच अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी पदावरून बाजूला झाले होते. मग ज्येष्ठ वकील रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या दोन चौकशा झाल्या. पहिल्या चौकशीत नऊशेहून जास्त रुग्ण आणि नातेवाइकांनी आपलं म्हणणं मांडलं. दुसरी जाहीर होती आणि तिचा अहवाल ६ फेब्रुवारी २०१३ ला आला. त्यात २९० शिफारशी होत्या. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी संसदेत माफी मागितली.

या प्रकरणात जास्तीचे मृत्यू किती झाले, याचे मोठमोठे आकडे इंटरनेटवर तुम्हाला सापडतील. मी ते सांगत नाही. ते मृत्युदराच्या हिशेबातून काढलेले आहेत, एकेका रुग्णाची फाईल तपासून नाही, आणि तज्ज्ञांमध्ये त्यावर वाद आहे. फ्रान्सिस यांनीही निष्कर्षात ते धरले नाहीत. त्यांचा ठपका वेगळा आणि जास्त बोचरा होता. बोर्डानं रुग्णांचं आणि कर्मचाऱ्यांचं पुरेसं ऐकलं नाही. पैसा, उद्दिष्टं आणि दर्जा यांच्याकडे बघता बघता रुग्ण नजरेआड झाला.

नंतर काय झालं?

कायदे बदलले. २०१४ पासून उपचारात चूक होऊन रुग्णाला इजा झाली, तर ते त्याला किंवा घरच्यांना स्पष्टपणे सांगणं हॉस्पिटलवर बंधनकारक झालं. संचालक त्या पदासाठी लायक आहे का, हे तपासायचा नियमही आला. हेलेन डॉनेलीचं काम पुढं वाखाणलं गेलं, ज्युलीला सरकारी सन्मान मिळाला.

पण शेवट गोड नाही. इन्सुलिन न दिल्यामुळे २००७ मध्ये मधुमेहाच्या एका रुग्णाचा मृत्यू झाला होता. त्या खटल्यात २०१४ मध्ये ट्रस्टला २ लाख पाउंड दंड झाला. भरला कुणी? सार्वजनिक तिजोरीनं. त्याच वर्षी हॉस्पिटल शेजारच्या मोठ्या ट्रस्टकडे गेलं. नावही बदललं, आता ते काउंटी हॉस्पिटल आहे.

त्याआधी, आपलं हॉस्पिटल बंद पडणार या भीतीनं स्टॅफर्डचे हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. रात्री छातीत दुखायला लागलं तर जायचं कुठं? पण त्या रागाचा काही भाग ज्युलीवर निघाला. तिला धमक्या आल्या, आईच्या थडग्याची नासधूस झाली. शेवटी तिनं कॅफे आणि गाव दोन्ही सोडलं. बोर्डानं जे प्रश्न विचारायला हवे होते ते एका मुलीनं विचारले, आणि किंमतही तिनंच मोजली.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडेही जिल्हा रुग्णालयापासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत 'रुग्ण कल्याण समिती' असते. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ती सगळीकडे पसरली. डॉक्टर, अधिकारी, लोकप्रतिनिधी तिच्यावर असतात. तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयाच्या समितीवर कोण आहे, माहीत आहे तुम्हाला? शेवटची बैठक कधी झाली? तिच्यात औषधांची, रंगकामाची बिलं मंजूर झाली, की रात्रपाळीला वॉर्डात सिस्टर किती असतात हेही कुणी विचारलं?

पुढच्या वेळी केसपेपर काढायला रांगेत उभे असाल, तेव्हा एवढी चौकशी करून बघा. उत्तर मिळालं तर आम्हालाही कळवा. नाही मिळालं, तरी कळवा.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.