मुंडनाविना केशरोपण : एका अटीचा इतिहास

भारतात मुंडन केलेले डोके गप्प राहत नाही. घरात कोणाचे निधन झाले असेल, तिरुपतीचा नवस फेडला असेल किंवा कोणी दीक्षा घेतली असेल, असे काही ना काही ते पाहणाऱ्याला सांगत असते. म्हणूनच केशरोपणासाठी डोके उतरवून आलेला माणूस कार्यालयात पाऊल टाकतो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न टकलाविषयी विचारला जात नाही. "घरी सगळे ठीक आहे ना?" असे विचारले जाते. त्या प्रश्नाला खरे उत्तर द्यायचे की खोटे, हा पेच अनेकांना शस्त्रक्रियेच्या वेदनेपेक्षा अवघड वाटतो.

या पेचावरचा उपाय म्हणून 'मुंडनाविना केशरोपण' आज मोठ्या शहरांतून नवलाईने मांडले जाते. इतिहास मात्र वेगळी गोष्ट सांगतो. संपूर्ण मुंडन ही या शस्त्रक्रियेची मूळ अट नव्हतीच. ती बऱ्याच उशिरा, एका सुधारणेची किंमत म्हणून आली.

कथेचा आरंभ केसांपासून नव्हे, नाकापासून करावा लागतो. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र प्रसिद्ध झाले. इंग्रजी फौजेतील कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले होते. पुण्याकडील एका परंपरागत कारागिराने कपाळाची त्वचा वळवून ते नव्याने घडवले होते. या पत्रानंतर युरोपीय शल्यचिकित्सकांनी ही भारतीय पद्धत अभ्यासली. रुग्णाचे कपाळ अरुंद असेल आणि केसांच्या रेषेपलीकडील त्वचा घ्यावी लागली, तर नव्या नाकावर केस उगवतात, हेही त्यांच्या लक्षात आले. त्वचा जागा बदलते, पण तिच्यातील केस आपला मूळ स्वभाव सोडत नाही. पुढील सगळे शास्त्र या साध्या निरीक्षणाभोवती फिरते.

नाकाच्या पुनर्रचनेसाठी पुढे बर्लिनमध्ये विख्यात झालेला योहान डीफेनबाख तरुणपणी याच प्रश्नाकडे वळला होता. १८२२ साली व्यूर्ट्सबुर्ग विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्याने केस आणि पिसे यांच्या प्रत्यारोपणाचे प्रयोग नोंदवले. सुईने छिद्रे पाडून त्याने स्वतःच्या हातावर डोक्याचे केस रोवले आणि त्यांतील काही रुजले. तरीही शतकभर हे ज्ञान कुतूहलाच्या पातळीवरच राहिले.

त्याला उपचाराचे रूप दिले जपानी वैद्यांनी. त्वचारोगतज्ज्ञ शोजी ओकुदा यांनी १९३९ मध्ये आपले काम प्रसिद्ध केले. पोकळ, गोल धातूच्या पात्याने केसांसह त्वचेचे लहान तुकडे काढायचे आणि भाजल्यामुळे वा व्रणामुळे केस गमावलेल्या जागी बसवायचे, अशी त्यांची रीत होती. १९४३ मध्ये हाजिमे तामुरा यांनी एक ते तीन केसांचे सूक्ष्म तुकडे वापरले. तुकडा जितका लहान, तितके दृश्य नैसर्गिक, हे त्यांनी ओळखले होते. पण दुसरे महायुद्ध पेटलेले होते आणि लेखन जपानी भाषेत होते. पाश्चात्त्य जगाला या कामाची ओळख फार उशिरा झाली.

भारतात केसांचे स्थलांतर घडले ते सौंदर्यासाठी नव्हे, तर सन्मानासाठी. कुष्ठरोगात अनेक रुग्णांच्या भुवया झडतात. औषधाने रोग बरा झाला तरी भुवयांविना चेहरा ओळखला जाई आणि समाजाचे दार बंदच राही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी रुग्णांच्या हातापायांबरोबरच भुवयांच्या पुनर्रचनेचेही काम केले. डोक्यावरील केसाळ त्वचेची पट्टी तिच्या रक्तवाहिनीसह सोडवून कपाळाच्या त्वचेखालून भुवईच्या जागी आणली जाई. हे केस डोक्यावरचे असल्याने भुवईवर आल्यावरही लांबच लांब वाढत आणि कात्रीने छाटावे लागत. काही रुग्ण तर अभिमानाने ते वाढू देत. भुवईला आपण डोक्याचा केस आहोत याचा विसर पडला नव्हता, आणि रुग्णाला त्याची मुळीच खंत नव्हती.

टकलावर हाच नियम लागू पडतो का, हा प्रश्न शिल्लक होता. १९४२ मध्ये अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी पुरुषी टकलामागे पुरुष-संप्रेरके आणि आनुवंशिकता असल्याचे दाखवले होते. न्यूयॉर्कचे नॉर्मन ओरेंट्राइश यांनी १९५२ पासून प्रयोग केले. केसाळ भागातील तुकडे टकलावर आणि टकलावरील तुकडे केसाळ भागात त्यांनी बसवून पाहिले. मागच्या बाजूचे केस पुढे आणल्यावरही वाढत राहिले आणि टक्कल पडू घातलेल्या भागातील केस मागे नेल्यावरही गळले. केसाचे भवितव्य त्याच्या मूळ जागेवर ठरते, हे तत्त्व १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आधुनिक केशरोपणाचा पाया घातला गेला.

मात्र त्या काळचे तुकडे सुमारे चार मिलिमीटर रुंद असत. एकेका तुकड्यात केसांचा झुपकाच येई आणि बाहुलीच्या डोक्यावर टोचलेल्या केसांसारखे ते दिसे. १९८४ मध्ये जॉन हेडिंग्टन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले, की केस साधारण एक ते चारच्या नैसर्गिक गुच्छांत उगवतात. या गुच्छाला 'फॉलिक्युलर युनिट' म्हणतात. १९८८ पासून टेक्सासचे बॉबी लिमर यांनी डोक्यामागील त्वचेची एक लांब पट्टी काढून, त्रिमितीय सूक्ष्मदर्शकाखाली तिचे असे गुच्छ वेगळे करण्यास आरंभ केला.

या पट्टी-पद्धतीत केवळ पट्टीपुरतेच केस कापावे लागत. टाके घातल्यावर वरचे केस खाली सोडले की सगळे झाकले जाई. म्हणजे मुंडनाविना केशरोपण तेव्हाही होत होते. मागे कानापासून कानापर्यंत आडवा व्रण मात्र राही. केस बारीक ठेवणाऱ्याचे गुपित तो व्रण उघड करी.

व्रण टाळण्यासाठी एफयूई हे तंत्र आले. विल्यम रासमन, रॉबर्ट बर्नस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्याविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केल्यावर त्याचा प्रसार वेगाने झाला. सुमारे एक मिलिमीटर वा त्याहून कमी व्यासाच्या पात्याने एकेक गुच्छ सुटा काढला जातो, त्यामुळे आडवा व्रण उरत नाही आणि बारीक ठिपके तेवढे राहतात. पण केस त्वचेतून सरळ वर येत नाही, तिरका येतो. त्याचे मूळ काही मिलिमीटर खोल असते आणि पाते त्याच कोनात उतरले नाही तर मूळ तुटते. कोन दिसण्यासाठी केस एक-दोन मिलिमीटर उंचीचे असावे लागतात. लांब केस फिरत्या पात्याला गुंडाळले जातात, ते वेगळेच. अशा रीतीने व्रण गेला आणि मुंडन आले.

आजचे मुंडनाविना केशरोपण हे या देवघेवीवरचे उत्तर आहे. त्याच्या तीन तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेत डोक्यामागे वरच्या केसांआड लपेल एवढाच पट्टा कापतात. दुसऱ्या तऱ्हेत जे गुच्छ काढायचे तेवढेच केस वेचून आखूड करतात आणि आजूबाजूचे तसेच ठेवतात. तिसरी तऱ्हा सर्वांत कष्टाची आहे. तिच्यात विशेष आकाराच्या पात्याने केस पूर्ण लांबीसह काढून तसाच रोवतात. त्यामुळे पुढील रूप कसे असेल याची झलक त्याच दिवशी दिसते. अर्थात ती झलकच. रोवलेले बहुतेक केस काही आठवड्यांत गळतात, मूळ मात्र त्वचेत राहते. तीन-चार महिन्यांनी नवे केस दिसू लागतात आणि पूर्ण परिणामाला सुमारे वर्ष लागते.

या सोयीची किंमत वेळेत मोजावी लागते. दाट केसांतून वाट काढत काम करायचे असल्याने ते संथ चालते, एका बैठकीत कमी गुच्छ हाताळले जातात आणि खर्च वाढतो. शरीराबाहेर जास्त काळ राहिलेल्या गुच्छांची रुजण्याची शक्यताही घटते. मोठे टक्कल असेल तर मुंडनच अधिक शहाणपणाचे ठरू शकते. शिवाय कोणतीही तऱ्हा नवा केस निर्माण करीत नाही. मागच्या बाजूचा मर्यादित साठाच पुढे आणला जातो, आणि एकदा वाया गेलेले मूळ परत मिळत नाही.

लांबलेल्या बैठकीचा आणखी एक अर्थ आहे. केशरोपण बहुधा स्थानिक भूल देऊन होते. ही भूल वारंवार द्यावी लागली आणि वजनानुसार ठरलेली मर्यादा ओलांडली गेली, तर मेंदू आणि हृदय यांवर परिणाम होऊ शकतो. म्हणून खोलीत कोण उभे आहे, हा प्रश्न केस किती लांब ठेवले यापेक्षा मोठा ठरतो. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने केशरोपणाविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. शस्त्रक्रियेचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच ती करावी, यूट्यूबवरील चित्रफिती पाहून हे काम सुरू करणे पुरेसे नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले. तरीही मे २०२५ मध्ये कानपूरमधील प्रकरणे उजेडात आली. केशरोपणानंतर दोन अभियंत्यांना प्राण गमवावे लागल्याचे आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याकडे त्यासाठीची पात्रता नसल्याचे आरोप झाले.

गुप्ततेची इच्छा या धोक्याला खतपाणी घालते. कोणाला कळू नये म्हणून माणूस घरी सांगत नाही, दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेत नाही, सुट्टीच्या दिवशी एकटाच जातो. वेल्लोरच्या रुग्णाला आपली नवी भुवई लपवावीशी वाटली नाही. ती त्याला पुन्हा माणसांत घेऊन आली होती. टकलाला असा कलंक नाही, तरी त्यावरचा उपचार लपवण्याची धडपड आज मोठी आहे. ज्याला मुंडन टाळायचे आहे, त्याने ते अवश्य टाळावे. शास्त्राने ती वाट आता खुली केली आहे. मात्र निघण्यापूर्वी डॉक्टरची पदवी आणि नोंदणी तपासावी, भूल कोण देणार आणि प्रकृती बिघडल्यास काय व्यवस्था आहे हे विचारावे, आणि घरातल्या निदान एका माणसाला तरी सांगून जावे.