रात्रीचा हिशेब

वैमानिकाच्या थकव्यावर सुरुवातीचे निर्बंध आले ते वैद्यकाच्या सल्ल्यावरून नव्हे, तर मजुरीच्या तंट्यातून, आणि या जन्मखुणा पुढील अनेक दशकांच्या नियमांवर राहिल्या. अमेरिकेत १९३१ साली वैमानिकांची संघटना उभी राहिली. वेतन आणि कामाचे तास यांवरून विमान कंपन्यांशी झालेल्या वादात १९३४ मध्ये तेथील राष्ट्रीय श्रम मंडळाने महिन्याला ८५ उड्डाणतासांची मर्यादा घातली, आणि १९३८ च्या नागरी विमान वाहतूक कायद्याने तिला आधार दिला. मात्र या पद्धतीत सकाळी दहाचा तास आणि पहाटे तीनचा तास यांचे मोल एकच धरले जाई. त्याच १९३८ साली नॅथॅनियल क्लाइटमन हा निद्रासंशोधक एका सहकाऱ्यासह केंटकीतील मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिला आणि अठ्ठावीस तासांचा कृत्रिम दिवस पाळू लागला. परंतु सूर्य दिसत नसतानाही त्याच्या शरीराचे तापमान चोवीस तासांच्याच लयीत चढत-उतरत राहिले. शरीराला स्वतःचे घड्याळ असते, ही गोष्ट अशा रीतीने नोंदली गेली खरी, पण ती वैमानिकांच्या वेळापत्रकापर्यंत पोहोचायला जवळजवळ चार दशके लागली.

भारतात आरंभी हा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण विमान सूर्यास्ताबरोबर थांबत असे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून निघालेले टाटांचे टपाल जुहूला उतरले आणि पुढच्या वाटेवर बेल्लारीला रात्रीचा मुक्काम करून मद्रासला गेले. रात्र कामात आली ती ३० जानेवारी १९४९ पासून, जेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येऊन टपाल व प्रवासी यांची अदलाबदल करू लागली आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतू लागली. भौगोलिक मध्याचा इतका नेटका उपयोग क्वचितच कोणी केला असेल. परंतु जी वेळ टपालाला सोयीची, नेमकी तीच मानवी सावधपणाची सर्वांत खालची पायरी होती. साधारण पहाटे दोन ते सहा या अवधीत शरीराचे तापमान आणि तरतरी दोन्ही उतरतात, व निद्राशास्त्र त्याला जैविक लयीचा नीचांक म्हणते.

ब्रिटनमध्ये डग्लस बेडर यांच्या समितीने १९७३ मध्ये अहवाल दिला आणि १९७५ पासून काम कोणत्या प्रहरी सुरू होते यानुसार कर्तव्यकाळ कमी-अधिक करणारे नियम तेथे आले. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९८० पासून थकव्याचा स्वतंत्र अभ्यास हाती घेतला. प्रशांत महासागरावरील लांब उड्डाणांत तिने वैमानिकांना आळीपाळीने चाळीस मिनिटांची विश्रांती दिली, तेव्हा त्यांना सरासरी २६ मिनिटे झोप लागली आणि उतरण्याच्या सुमाराची त्यांची सावधता स्पष्टपणे सुधारली. तरीही अपघाताच्या अहवालात थकवा हे संभाव्य कारण म्हणून अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने प्रथम लिहिले ते ऑगस्ट १९९३ मधील ग्वांतानामोच्या मालवाहू विमानाच्या संदर्भात. त्याचा कप्तान सुमारे साडेतेवीस तास जागा होता. हा विलंब समजण्यासारखा आहे, कारण मोडलेला पुर्जा ढिगाऱ्यात सापडतो, झोपेचा अभाव सापडत नाही.

मंगळूरला मात्र त्याचा आवाज सापडला. २२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान टेकडीवरील धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले, १५८ जण मृत्युमुखी पडले आणि आठच वाचले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत कक्षातील ध्वनिमुद्रण ऐकले गेले, तेव्हा त्यात कप्तानाचे घोरणे होते. दीर्घ झोपेतून उठल्यावर काही काळ निर्णयशक्ती मंदावलेली राहते, तिला निद्राजडता म्हणतात, आणि अहवालाने ती पहाटेच्या नीचांकासह अपघाताला साहाय्यभूत ठरल्याचे नोंदवले. सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याची सूचना तीनदा केली होती. ते शब्द आजही वाचवत नाहीत.

या घटनेच्या आधीच, २००७ मध्ये, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने अधिक विश्रांती देणारे नियम काढले होते, पण कंपन्यांच्या आक्षेपांनंतर २००८ मध्ये ते स्थगित होऊन १९९२ चे जुने परिपत्रक पुन्हा लागू झाले. वैमानिक संघटना मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मे २०११ मध्ये तेथेही त्यांना यश आले नाही, मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महासंचालनालयाने पहाटेचा नीचांक विचारात घेणारे नवे नियम जाहीर केले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांत मोठी सुधारणा झाली: साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढली, आणि रात्रीच्या वेळी उतरण्याची संख्या सहावरून दोनवर आली. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि अखेर जुलै व नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले.

तयारीला जवळजवळ दोन वर्षे मिळूनही डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिक अपुरे पडले आणि इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. प्रवासी विमानतळांवर खोळंबले असताना महासंचालनालयाने त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट दिली. सूट मिळालेल्या तरतुदींत रात्रीची व्याख्या आणि रात्रीच्या उतरणीची मर्यादा, या दोन्ही होत्या.