पंगत, पाणवठा आणि वर्ग: नगर जिल्ह्यातील आरोग्य व समाजशिक्षणाचा इतिहास

वयात येणाऱ्या मुलामुलींना स्वतःच्या शरीराची ओळख, रोगांपासून बचावाचे ज्ञान आणि भोवतालच्या माणसांशी वागण्याची रीत देणारे जे शिक्षण आज माध्यमिक शाळांकडून अपेक्षिले जाते, त्याला वेळापत्रकात स्वतंत्र तास मिळाला तो अलीकडे. परंतु अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, या शिक्षणाची पाळेमुळे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत जातात. त्याचा माग केवळ पाठ्यपुस्तकांतून काढू गेल्यास हाती फार थोडे लागते, कारण या जिल्ह्यात ते प्रथम रुजले ते कोणी कोणाशेजारी बसावे, जेवावे आणि पाणी भरावे यासंबंधीच्या जुन्या नियमांना जिथे धक्का बसला, अशा ठिकाणी.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला आपले ठाणे वसवले आणि १८३९ मध्ये सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका मुंबईहून तेथे आली. १८६२ मध्ये नगरलाच मृत्यू येईपर्यंत तिने मुलींच्या शाळा चालवल्या. तिची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि सावित्रीबाईंनी पुढे तिच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले, हे सर्वश्रुत आहे. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि तो लपवलेलाही नव्हता. तरीही मुलीने घराबाहेर पडून इतर मुलींबरोबर बसावे, वाचावे, लिहावे ही गोष्टच त्या काळी मोठी होती. याच मिशनने १८४२ मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. ते मुंबईला गेल्यानंतर १८५५ मध्ये त्यात मुक्ता साळवे या फुल्यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या किशोरवयीन मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. बाळंत होणाऱ्या अस्पृश्य स्त्रीला डोक्यावर छप्परही नसते, थंडीवाऱ्यात तिचे काय हाल होतात, याचा उल्लेख त्या निबंधात आहे. बाळंतपण हा विषय जिथे घरातही दबक्या आवाजात बोलला जाई, तिथे एका विद्यार्थिनीने त्याचा संबंध थेट जातीशी आणि निवाऱ्याशी जोडला; आरोग्य आणि समाजव्यवस्था यांचे नाते मराठीत इतक्या स्पष्टपणे आणि इतक्या लवकर मांडणारे लेखन विरळाच.

विसाव्या शतकात हा धागा वसतिगृहांनी पुढे नेला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवले. मुले स्वयंपाक करत, शेतात राबत, एका पंगतीत जेवत. पुढे नगर जिल्ह्यातही संस्थेच्या शाळांचे जाळे पसरले. श्रम करून शिकण्याची ‘कमवा व शिका’ ही पद्धत आणि सामुदायिक जीवनाची शिस्त यांतून जे सामाजिक शिक्षण घडले, त्याची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत होत नसे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीच्या संत निळोबाराय विद्यालयाने अन्यत्र नापास ठरलेल्या मुलांना जाणीवपूर्वक प्रवेश देऊन व्यायाम आणि श्रमदान यांची जोड दिली, तीही याच परंपरेतली होय. मात्र या परंपरेत शरीर आले ते बहुधा व्यायाम आणि स्वच्छता यांपुरते; वयात येणे, पाळी, गर्भधारणा हे विषय तिने टाळले, आणि ही तिची मोठी उणीव मानावी लागते.

ती उणीव भरून काढण्याचे काम झाले ते जामखेड तालुक्यात आणि शाळेच्या भिंतींबाहेर. वेल्लोर येथे वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केले होते. औषधाने बरा झालेला रुग्ण त्याच दूषित पाण्याकडे आणि त्याच उपासमारीकडे परततो, हे तिथे त्यांच्या ध्यानी आले. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतल्यावर १९७० मध्ये त्यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या सुमारास तिथे दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत. गावाने निवडलेल्या, बहुतेक निरक्षर आणि अनेक दलित असलेल्या स्त्रियांना प्रकल्पाने गावआरोग्यसेविका म्हणून तयार केले. प्रशिक्षणासाठी या स्त्रिया नियमितपणे जामखेडला येत, वेगवेगळ्या जातींच्या असूनही एकत्र जेवत, एका छताखाली राहत, आणि गावी परतून जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, नाळ स्वच्छ पात्याने कशी कापावी हे शेजारणींना शिकवत.

प्रकल्पाच्या कूपनलिकांची गोष्ट तर या संपूर्ण विचाराचा गाभा उघड करते. दुष्काळाच्या काळात पाण्याच्या जागा निश्चित करताना आरोळे यांनी त्या दलित वस्तीतच येतील अशी व्यवस्था केली, त्यामुळे इतर गावकऱ्यांना पाण्यासाठी त्या वस्तीत जाणे भाग पडले; स्वच्छ पाण्याचा पुरवठा आणि अस्पृश्यतेवरचा आघात ही दोन्ही कामे एकाच पंपाने केली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकांच्या हाती असलेल्या आरोग्यसेवेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात जामखेडचा समावेश होता, आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कालांतराने प्रकल्पाने किशोरी गट बांधले; त्यांत शरीररचना, पाळी, रक्तक्षय आणि बालविवाह यांविषयी मुलींशी मोकळेपणाने बोलले जाऊ लागले.

शासकीय शाळाव्यवस्था या वाटेने फार सावधपणे चालली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या मूल्यशिक्षणात वक्तशीरपणा, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता अशी दहा मूल्ये होती, परंतु पुष्कळ शाळांत ती परिपाठातील सुविचारापुरती उरली. किशोरावस्थेच्या शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम राज्यात येताच विधिमंडळात गदारोळ झाला आणि २००७ मध्ये शासनाने तो थांबवला. संस्कृतिरक्षणाच्या नावाने घेतलेल्या या निर्णयाची किंमत ज्यांना मोजावी लागली त्या मुली विधिमंडळापासून फार दूर होत्या. त्यानंतर शाळेत आली ती रक्तक्षय टाळण्यासाठी आठवड्यातून एकदा द्यावयाची लोहाची निळी गोळी. रक्त का कमी होते, हे समजावून सांगायला मात्र पुष्कळ ठिकाणी कोणी नसे.

आणि शाळेत जे थोडे मिळते तेही सर्व मुलींपर्यंत पोचत नाही. जामखेड, पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांतील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा मध्यस्थ, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यामागे, आणि एक कोयता म्हणजे एक नवरा-बायकोची जोडी. त्यामुळे मुलीचे लग्न लवकर उरकले की एक नवा कोयता आणि एक नवी उचल उभी राहते. अशा हिशेबात आठवी-नववीतली मुलगी एक तर आजीपाशी गावी राहते किंवा आईबरोबर फडावर जाते, आणि दुसऱ्या स्थितीत शाळेतला आरोग्याचा तास, निळी गोळी आणि किशोरी गट हे तिन्ही वसंतापर्यंत तिला अंतरतात.