कवटीचे प्रतल आणि तुलनेचा आधार

दोन अस्थींची तुलना करावयाची असेल, तर प्रथम त्या एकाच स्थितीत मांडाव्या लागतात. ही मांडणी वरवर पाहता केवळ पूर्वतयारी वाटते. वस्तुतः कोणता भाग स्थिर धरावयाचा हे ठरले, की फरक कोठे दिसणार हेही बव्हंशी ठरून जाते. कवटीमापनाचा इतिहास याची साक्ष देतो.

डच शरीरशास्त्रज्ञ पेट्रुस काम्पर याचा मुखकोनाविषयीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1791 मध्ये प्रसिद्ध झाला. कर्णरंध्रापासून नाकाच्या तळापर्यंतची रेषा आधारभूत धरून, कपाळ व वरचा जबडा यांना स्पर्शणाऱ्या रेषेचा तिच्याशी होणारा कोन त्याने मोजला. एकोणिसाव्या शतकात अशा कोनांवरून मानवसमूहांची उच्चनीच श्रेणी लावण्यात आली. परंतु आधाररेषा बदलली की कोनही बदलतो. फ्रान्समध्ये पॉल ब्रोका याने निराळे प्रतल स्वीकारले होते. जर्मन अभ्यासकांची रीत वेगळी होती. एका परंपरेतील मापे दुसरीतील मापांशी ताडून पाहणे त्यामुळे दुष्कर झाले. अखेर 1884 च्या 'फ्रँकफुर्ट करारा'ने नेत्रकोटराची खालची कड आणि कर्णरंध्राची वरची कड यांतून जाणारे प्रतल प्रमाण ठरविले.

कराराने एकवाक्यता आली. प्रश्न मात्र सुटला नाही. 1905 मध्ये फ्रान्झ बोआस याने त्याच्या मुळावर बोट ठेवले. कान व नेत्रकोटर यांची स्थानेही व्यक्तिपरत्वे बदलतात. ती अचल मानली, तर त्यांच्यातील फरक कवटीच्या इतर भागांवर लादला जातो. यास्तव कोणत्याही एका प्रतलाला अग्रमान न देता, अनेक बिंदूंमधील अंतरांच्या वर्गांची बेरीज न्यूनतम होईल अशा रीतीने दोन कवट्या जुळवाव्यात, असे त्याने सुचविले.

मापन आणि वंशविचार यांच्या या गुंत्याशी महाराष्ट्राचाही संबंध आला. इरावती कर्वे यांनी बर्लिन येथे ऑयगेन फिशर याच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीच्या स्वाभाविक असममितीवर प्रबंध लिहिला. तो 1931 मध्ये प्रसिद्ध झाला. डाव्या-उजव्या बाजूंतील फरक वंशाशी निगडित असावा, ही तेथील अपेक्षा होती. कर्वे यांच्या मापनातून तसा संबंध सिद्ध झाला नाही, आणि त्यांनी तो निष्कर्ष तसाच मांडला.

बोआसच्या सूचनेतील गणित हाताने करणे अतिशय कष्टाचे होते. संगणकाच्या साहाय्याने ते सुकर झाले. 1962 मध्ये हर्ली व कॅटेल या मानसशास्त्रज्ञांनी अशाच एका जुळवणीला प्रोक्रुस्टीझचे नाव दिले. पाहुण्यांना खाटेच्या मापाचे करण्यासाठी ताणणारा वा छाटणारा हा ग्रीक कथेतील दरोडेखोर होय. 1975 मध्ये गॉवर याने ती रीत अनेक आकृत्यांना एकाच वेळी लागू केली. 1992 मध्ये बेसल व मॅके यांनी त्रिमितीय पृष्ठांसाठी पद्धत मांडली: एका पृष्ठावरील प्रत्येक बिंदूसाठी दुसऱ्यावरील निकटतम बिंदू शोधावा, त्यानुसार पृष्ठ सरकवावे व फिरवावे, आणि चूक कमी होणे थांबेपर्यंत हेच पुन्हा करावे. मूळ मांडणी सदोष असेल, तर ही प्रक्रिया चुकीच्या जागी स्थिरावते.

शिवाय निकटतम बिंदू समजात असतोच असे नाही. दोन भाषांतील ध्वनिसदृश शब्द एकाच मूळचे असतातच असे नाही, तद्वतच हे होय. कोणत्या बिंदूला कोणता बिंदू अनुरूप मानावयाचा, हा निर्णय शरीररचनेच्या ज्ञानानेच घ्यावा लागतो. म्हणून जुळवणीचा आधार निष्कर्षाइतक्याच स्पष्टपणे नमूद करणे, हे तुलना करणाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते.