कळसूबाई शिखरावरील हिवाळी पदभ्रमण

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असून त्याची उंची समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर आहे. ते अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्याच्या सीमेवर आहे. पौष ते फाल्गुन या काळात, विशेषतः सूर्योदय पाहण्यासाठी, येथे मोठ्या संख्येने गिर्यारोहक व भाविक येतात. या शिखरावर बर्फ पडत नाही. तरीही हिवाळ्याच्या उत्तरार्धातील चढाईस थंडी, वारा, घसारा आणि पाण्याची टंचाई यांमुळे पूर्वतयारी लागते.

भूगोल व हवामान

सह्याद्रीचा हा भाग लाव्हारसाच्या थरांपासून बनलेल्या बेसाल्ट खडकाचा आहे. शिखर उष्ण कटिबंधात येते आणि त्याची उंचीही हिमवर्षावास पुरेशी नाही. शिवाय येथील पाऊस मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून मिळतो, त्यामुळे हिवाळ्यात हवा कोरडी असते.

उंची वाढते तसे तापमान सर्वसाधारणपणे दर हजार मीटरला सुमारे ६.५ अंश सेल्सिअसने घटते. पायथा व माथा यांच्या उंचीत सुमारे ८०० मीटरचे अंतर असल्याने माथ्यावर सुमारे ५ अंशांचा फरक पडू शकतो. निरभ्र, शांत रात्री मात्र थंड व जड हवा दरीत साचते आणि पायथ्याची गावेच अधिक गारठतात. माथ्यावर आडोसा नसल्याने वाऱ्यामुळे थंडीची तीव्रता जास्त जाणवते. चढताना घामाने भिजलेले सुती कपडे वाऱ्यात शरीराची उष्णता वेगाने घालवतात, म्हणून कोरडे कपडे व वारारोधक जाकीट सोबत असणे उपयुक्त ठरते.

मार्ग

बारी गावातून जाणारा मार्ग सर्वाधिक प्रचलित आहे. शेते व झाडी ओलांडल्यानंतर कातळटप्पे लागतात. अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या व कठडे बसविलेले आहेत. चढाईस सामान्यतः तीन ते चार तास लागतात. माथ्याच्या खाली एक विहीर आहे, मात्र उन्हाळा जवळ येतो तसे डोंगरावरील पाणी कमी होत जात असल्याने पायथ्यापासूनच पाणी नेणे इष्ट असते. इंदोरे गावाकडूनही एक वाट येते.

माथ्यावर कळसूबाई देवीचे लहान मंदिर आहे. हवा स्वच्छ असल्यास पश्चिमेस अलंग, मदन व कुलंग हे किल्ले, तसेच दक्षिणेकडे भंडारदरा जलाशय दिसतो. प्रवरा नदीवरील या जलाशयाचे विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. दक्षिणेकडेच रतनगड व हरिश्चंद्रगडाचा डोंगरही ओळखता येतो.

धोके

सूर्योदयासाठी मध्यरात्रीनंतर चढाई सुरू केली जाते. अंधारात वाट चुकणे, पहाटेच्या दवाने शिड्या व कातळ निसरडे होणे आणि गर्दीमुळे शिड्यांवर कोंडी होणे हे या वेळचे प्रमुख धोके होत. उतरताना कोरडी माती व सुटे खडे यांवरून पाय घसरतो. अनेक घसरण्याच्या घटना उतरणीवर थकव्यामुळे होतात, म्हणून परतीसाठी शक्ती व वेळ राखून ठेवणे आवश्यक असते. फेब्रुवारीत पहाटे गारठा असला तरी दुपारी उघड्या उतारावर कडक ऊन असते.

या दिवसांत गवत वाळलेले असते. शेकोटी किंवा विडी-सिगारेटच्या ठिणगीने वणवा पेटू शकतो. त्यात रोपे, पक्ष्यांची घरटी आणि गावकऱ्यांच्या जनावरांचा चारा नष्ट होतो. हा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई–हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्याचा भाग आहे.

हिमाच्छादित मार्गांशी तुलना

बर्फावरील चढाईचा अनुभव घेण्यासाठी महाराष्ट्रातील अनेक गिर्यारोहक उत्तराखंडातील सुमारे ३,८०० मीटर उंचीच्या केदारकंठासारख्या शिखरांकडे वळतात. कळसूबाईची चढाई पायांची ताकद व दमश्वास आजमावण्यास उपयोगी पडते. मात्र बर्फावर पाय रोवणे, बुटांना काटेरी पट्टे लावून चालणे, हिमदंश ओळखणे आणि विरळ हवेशी जुळवून घेणे यांचा सराव येथे होत नाही. त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण लागते.

लोकजीवन

परिसरात महादेव कोळी व ठाकर समाजांची वस्ती आहे. आख्यायिकेनुसार कळसू नावाची मुलगी केरवारा व भांडी घासणे सोडून अन्य कामे करण्याच्या अटीवर इंदोरे येथे कामास राहिली. एके दिवशी तीच कामे करण्यास भाग पाडल्यामुळे ती डोंगरावर निघून गेली व तेथेच राहिली, अशी श्रद्धा आहे. नवरात्रात माथ्यावर यात्रा भरते. हिवाळी पदभ्रमणामुळे भोजन, निवास व वाटाडेगिरीतून स्थानिक कुटुंबांना उत्पन्न मिळते. मात्र पर्यटकांनी टाकलेला प्लास्टिकचा कचरा डोंगरावरून खाली आणण्याचे श्रमही बहुतांशी स्थानिक रहिवासी व स्वयंसेवक यांनाच करावे लागतात.