चाळणी कुणाची?

प्रतिप्रोटॉनचा शोध कुणी लावला? पुस्तकात याचे उत्तर एका ओळीत मिळते : १९५५, सेग्रे आणि चेंबरलेन. तो कसा सापडला, हे मात्र आपण वर्गात क्वचितच विचारतो.

कॅलिफोर्नियातील बर्कले येथे १९५४ मध्ये बेव्हाट्रॉन हा त्वरक सुरू झाला. त्यातील ६.२ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन तांब्याच्या लक्ष्यावर आदळले, की नाना प्रकारचे कण बाहेर पडत. हे दुय्यम कण. त्यांत हजारो पायॉनांमागे प्रतिप्रोटॉन एखादाच. पोतेभर तांदळातला एक खडा शोधण्यासारखेच हे!

म्हणून कणांसाठी एक वाट आखावी लागली. पहिला चुंबक ऋणभारित कणांना बाजूला वळवी. कण किती वळेल हे त्याच्या संवेगावर ठरते. त्यामुळे ठरावीक संवेगाचेच कण पुढे जात. वाटेत ते पांगू लागले, की चतुर्ध्रुवी चुंबक त्यांना भिंगासारखे पुन्हा एकत्र आणीत. पण संवेग सारखा असेल, तर पायॉन आणि प्रतिप्रोटॉन यांत चुंबक भेद करीत नाही. मग? संवेग तोच असताना जड कण हळू जाणार! दोन गणकांमधले सुमारे १२ मीटर अंतर पायॉन ४० नॅनोसेकंदांत कापी, तर प्रतिप्रोटॉनला ५१ लागत. योगायोगाने फसगत होऊ नये म्हणून चेरेन्कॉव्ह गणक वेग पुन्हा तपासत. चुंबकांची दिशा उलटवून, ओळखीच्या प्रोटॉनांवर ही मांडणी पारखूनही घेतली गेली.

१९५९ चे नोबेल पारितोषिक सेग्रे व चेंबरलेन यांना मिळाले. सहलेखक वीगंड आणि इप्सिलँटिस यांना नाही. पुढे १९७२ मध्ये ओरेस्टे पिच्चोनी या भौतिकशास्त्रज्ञाने न्यायालयात दावा लावला : चुंबकांनी कण एकवटून त्यांचा प्रवासकाळ मोजण्याची कल्पना मूळ आपली होती. शोधनिबंधात त्यांचे आभार मानलेले होते, पण ते त्यांना पुरेसे वाटले नाहीत. मुदत उलटल्याच्या कारणावरून दावा फेटाळला गेला. कल्पना कुणाची, याचा निवाडा न्यायालयात झालाच नाही.

आम्हांला यातून एक गोष्ट महत्त्वाची वाटते. खडा हाती येतो तेव्हा चाळणी विसरली जाते. विद्यार्थ्यांना 'कुणी?' विचारले, की त्यापाठोपाठ 'कशाने?' हेही आपण विचारू या.