मोटू, पतलू आणि आमचे वडील

१९६९ साली दिल्लीहून ‘लोटपोट’ निघू लागलं आणि इकडे नागपुरात आमचा अभ्यास बसला. त्यातले मोटू-पतलू मी भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचत असे. एकदा वडिलांनी अंक जप्त केला. “असलं वाचून डोकं सडतं!” म्हणाले. त्याच रात्री त्यांच्या मच्छरदाणीतून खुसखुस ऐकू आली.

२०१२ साली मुंबईच्या कॉसमॉस-मायाने याच जोडीला कागदावरून उठवून निक वाहिनीवर पळायला लावलं. मोटूची समोशाची भूक तेवढी सुटली नाही.

परवा नातवावर ओरडून मी टीव्ही बंद केला. तो झोपल्यावर हळूच लावला, आवाज अगदी बारीक करून. मोटू समोशामागे धावला आणि तीच खुसखुस पुन्हा ऐकू आली. या खेपेस माझीच!